फडताळातली चांदी

(दृश्य : वाड्याचं माजघर. फडताळातून जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं निघतं.)

खामगाव. चांदीसाठी नावाजलेलं गाव. तिथून काही कोसांवरच्या एका वाड्यात आपण बसलोय. 1870 साली जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाली, वऱ्हाडचा कापूस त्या वाटेनं विलायतेला जाऊ लागला. साहेबलोकांना जेवू घालायचं म्हणून त्या काळात कुणीतरी हे काटे-चमचे घेतले असावेत. आता घरात वाटण्या होतायत. सगळ्यांना एकच विचारायचंय : चांदी की मुलामा?

काळं पडलं म्हणून खोटं समजू नका. मुलाम्याचा वरचा थर चांदीचाच असतो, तोही तसाच काळवंडतो.

(दृश्य : भिंगाखाली चमच्याची दांडी.)

हा मोठा चमचा पालथा करा. ओळीनं बारीक ठसे दिसतील. त्यातला सिंह बघा, चालणारा, पुढचा पंजा उचललेला. इंग्लंडात 1544 पासून हा ठसा स्टर्लिंग चांदीचा. शेजारी नांगर आहे, शेतातला नव्हे, जहाजाचा. म्हणजे बर्मिंगहॅमला पारखलेली. एकटं इंग्रजी अक्षर आहे, ते वर्ष सांगतं.

स्टर्लिंग म्हणजे 1000 भागांत 925 भाग चांदी, उरलेलं बहुतेक तांबं. शुद्ध चांदी हाताळणाऱ्याला हे हिणकस वाटेल. पण नुसत्या चांदीचा काटा जेवताना वाकेल, म्हणून हे तांबं मुद्दाम घातलेलं.

आता हा छोटा चमचा. मागे अक्षरं : ई पी एन एस, म्हणजे इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर, विजेनं चांदीचा मुलामा दिलेला माल. सिंह नाही. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननं 1840 मध्ये विजेनं मुलामा चढवण्याचं पेटंट घेतलं, त्यानंतर असा माल घरोघरी गेला. आतला धातू तांबं, निकेल आणि जस्ताचा. त्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात, पण त्यात चांदी औषधालाही नसते. (आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मन म्हणतात, ते वेगळं.) चमच्याचा फुगीर तळ पाहा. घासून नखाएवढा पिवळसर डाग उघडा पडलाय. स्टर्लिंग कितीही झिजू द्या, खाली चांदीच लागते.

सुऱ्यांच्या बाबतीत मात्र वजनावर जाऊ नका. मूठ चांदीच्या पातळ पत्र्याची, आत राळ भरलेली, पातं पोलादाचं. सगळं तराजूत टाकलंत तर फसगत ठरलेली.

सुरी सोडून इतर कशाला चुंबक चिकटलं तर ती चांदी नाही. नाही चिकटलं तर काहीच सिद्ध होत नाही, कारण तांबं-पितळही चिकटत नाही.

आणि कानस लावू नका, हात जोडून सांगतो. माझ्या आजोळी एका तबकाला खात्रीसाठी कानस मारली. तबक अस्सल निघालं, चरा आजही तसाच आहे. ठसा पुसट असेल तर जाणत्या सराफाकडे न्या, कसोटी त्याच्याच हातानं होऊ द्या. घरी तेजाब वापरू नका.

(दृश्य : काकूंच्या हातात छोटा चमचा. अंगठा त्या डागावर.)

"हा माह्या सासूबाईचा साखरेचा चमचा व्हय," काकू म्हणतात. "रोज चहात फिरवत."

वाटणीच्या ढिगातून त्यांनी तेवढा एक बाजूला काढून घेतला.