उभं विमान आणि फिरणारी पृथ्वी

श्रोतेहो, नमस्कार.

विमान जागेवर उभं आहे. प्रवासी आपापल्या जागा शोधताहेत, पिशव्या वर ठेवताहेत. पण पुढे कॉकपिटमध्ये एक मोजमाप सुरू झालेलं असतं, आणि ते पुरं होईपर्यंत विमान जागचं हलवायचं नसतं. विमानातलं एक यंत्र त्या वेळी पृथ्वीचं फिरणं मोजत असतं. मला आज बोलायचंय ते मुख्यतः त्याच्याबद्दल. पण आधी खिडकीशी थोडं थांबू, कारण पृथ्वीच्या आकाराचा प्रश्न बहुतेकांना तिथेच पडतो.

विमानाच्या खिडकीतून पृथ्वी गोल दिसते का? खरं सांगायचं तर, प्रवासी विमानातून जवळजवळ नाहीच. पृथ्वीची त्रिज्या 6,371 किलोमीटर आणि आपण चढलेलो असतो जेमतेम 11 किलोमीटर. एवढ्याशा उंचीवरून क्षितिजाचा बाक डोळ्याला जाणवणं फार कठीण. फोटोत ठसठशीत बाक दिसतो तो बऱ्याचदा लेन्सचा किंवा खिडकीच्या काचेचा असतो. असे फोटो पुरावा म्हणून दाखवू नयेत असं मला मनापासून वाटतं. भक्कम पुरावे हाताशी असताना तकलादू पुरावा दिला, की ऐकणाऱ्याचा भक्कम पुराव्यांवरचाही विश्वास उडतो.

उंचावरून खरोखर बदलतं ते क्षितिजाचं स्थान. समुद्रकिनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिज जवळपास डोळ्यांच्या पातळीत असतं. 11 किलोमीटरांवर ते सुमारे सव्वातीन अंश खाली गेलेलं असतं. म्हणजे चंद्राची सहासात बिंबं एकावर एक ठेवावीत इतकं खाली. संध्याकाळी याचा परिणाम नुसत्या डोळ्यांनी दिसतो. खालच्या गावात दिवे लागलेले असतात आणि तुमच्या पंखावर अजून ऊन असतं. विषुववृत्ताजवळ हा फरक तेराएक मिनिटांचा असतो. जमीन सपाट असती, तर तिच्या कडेखाली जाणारा सूर्य खालच्या माणसाला आणि वरच्या माणसाला जवळपास एकदमच दिसेनासा झाला असता.

तुम्ही आत्ता रेडिओ ऐकताय, म्हणून पुढची गोष्ट तुम्हाला जवळची वाटेल. वैमानिक जमिनीवरच्या नियंत्रकांशी ज्या व्हीएचएफ, म्हणजे अति उच्च वारंवारतेच्या, लहरींवर बोलतात, त्या जवळपास सरळ रेषेत जातात. 11 किलोमीटर उंचीवरचं विमान केंद्रापासून 400 किलोमीटरांच्या आसपास दूर गेलं की आवाज तुटतो. प्रक्षेपणाची शक्ती वाढवूनही फारसा उपयोग होत नाही, कारण मध्ये पृथ्वीचा फुगवटा आलेला असतो. म्हणून महासागराच्या मध्यावर वैमानिकाला लघुलहरींचा आधार घ्यावा लागतो. त्या आयनांबरावर, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून पुन्हा खाली येतात आणि फुगवट्यापलीकडे पोचतात. अलीकडे हे काम उपग्रहही करतात.

मार्गांची गोष्ट तर त्याहून बोलकी आहे. सिडनीहून चिलीतल्या सांतियागोला थेट विमानं जातात, साधारण साडेबारा तासांत. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो सुमारे 11,300 किलोमीटर भरतो आणि 60 अंश दक्षिण अक्षांशाच्याही खाली, अंटार्क्टिकाच्या दिशेने झुकतो. तासाला 900 किलोमीटरच्या वेगाशी हा हिशेब नीट जुळतो. आता पृथ्वी सपाट तबकडीसारखी आहे, मध्यभागी उत्तर ध्रुव आणि कडेला अंटार्क्टिका, असा नकाशा मांडणारे लोक आहेत. त्या नकाशावर हेच अंतर 25,000 किलोमीटरांच्या वर जातं. ते साडेबारा तासांत कापायला विमानाला ध्वनीच्या वेगाच्या पुढे जावं लागेल. तेवढा वेग त्या विमानांना नाही, आणि तेवढं इंधनही त्यांच्या टाक्यांत मावत नाही.

आता पृथ्वीच्या फिरण्याकडे वळू. लहान मुलं एक प्रश्न हमखास विचारतात, आणि तो प्रश्न फार चांगला आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, विषुववृत्तावर तर तासाला 1,670 किलोमीटरच्या वेगाने. मग हेलिकॉप्टर वर जाऊन नुसतं थांबून राहिलं, तर खालची पृथ्वी सरकून आपोआप दुसरं गाव का येत नाही? कारण वर जाताना हेलिकॉप्टर पृथ्वीचा वेग सोबत घेऊनच जातं, आणि ज्या हवेत ते तरंगतं ती हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते. विमान उडतं ते हवेत. त्याचा वेग हवेच्या तुलनेतला.

आणि तरीही न्यूयॉर्कहून लंडनला जाणारं विमान येतानाच्या विमानापेक्षा साधारण तासभर लवकर पोचतं. हा वाऱ्याचा खेळ आहे, पण त्या वाऱ्याला दिशा दिलेली असते पृथ्वीच्या फिरण्याने. विषुववृत्ताकडची हवा ध्रुवांकडे सरकते तेव्हा तिथला मोठा पूर्वेकडचा वेग बरोबर घेऊन येते. जिथे ती पोचते तिथली जमीन तिच्याहून सावकाश फिरत असते, त्यामुळे हवा जमिनीच्या पुढे, पूर्वेकडे धावते. मध्य अक्षांशांवर, उत्तर गोलार्धात आणि दक्षिणेतही, उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात ते यामुळे. पृथ्वी उलटी फिरत असती तर हे वारेही उलटे वाहिले असते.

आता त्या यंत्राकडे येऊ.

भोवरा जोरात फिरत असला की त्याचा अक्ष सहजी कलत नाही, हे आपण लहानपणी हातावर भोवरा घेऊन अनुभवलेलं असतं. 1851 साली लेऑं फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसच्या पाँतेओं या इमारतीत 67 मीटर लांब तारेला गोळा टांगून पृथ्वीचं फिरणं लोकांना दाखवलं. पुढच्याच वर्षी त्याने तेच भोवऱ्याच्या साहाय्याने दाखवायचा प्रयोग केला आणि त्या उपकरणाला नाव दिलं जायरोस्कोप. ग्रीक शब्दांवरून बनवलेल्या या नावाचा अर्थ ‘फिरणं पाहणारं’ असा. विमान जन्मायच्या अर्धशतक आधीची ही गोष्ट. पुढे जे उपकरण कॉकपिटमध्ये जाऊन बसलं, त्याचा जन्मच मुळी पृथ्वीचं परिवलन बघण्यासाठी झाला होता!

विमानात दिशा दाखवणारा जायरोस्कोप आपला अक्ष ताऱ्यांच्या संदर्भात स्थिर धरून ठेवतो. खालची जमीन मात्र वळत राहते. त्यामुळे विमान नाकासमोर सरळ जात असतानाही त्याचं वाचन हळूहळू सरकतं. ध्रुवावर तासाला 15 अंश, 30 अक्षांशावर साडेसात, विषुववृत्तावर शून्य. दक्षिण गोलार्धात गेलं की सरकण्याची दिशा उलटते. जुन्या जायरोस्कोपांत ही चूक भरून काढायला एक लहानसं नट असायचं, आणि ते त्या त्या अक्षांशासाठी बसवून घ्यावं लागायचं.

आता मोठ्या विमानांत फिरत्या चाकाऐवजी लेझर असतो. बंद वाटेवर प्रकाशाचे दोन किरण एकमेकांविरुद्ध दिशेने फिरवतात. वाट स्वतः वळली तर एका किरणाला थोडं जास्त अंतर पडतं आणि दुसऱ्याला थोडं कमी. त्या बारीक फरकावरून वळण्याचा वेग मोजला जातो. असे तीन लेझर तीन दिशांना बसवलेले असतात.

विमान उभं असताना या यंत्राला जे वळणं जाणवतं ते केवळ पृथ्वीचं. तासाला 15 अंश, म्हणजे घड्याळाच्या तासकाट्याच्या निम्म्या वेगाचं. एवढ्यावरून यंत्र काय काय ओळखतं ते ऐका. गुरुत्वाकर्षणावरून त्याला खाली म्हणजे कुठे ते कळतं. फिरण्याच्या अक्षावरून उत्तर दिशा कळते. लोहचुंबक नको, उपग्रह नको. आणि तो अक्ष जमिनीशी किती अंशांचा कोन करतो, त्यावरून आपण कोणत्या अक्षांशावर उभे आहोत हेही कळतं. वैमानिक आपलं स्थान हाताने भरतो तेव्हा यंत्र त्यातला अक्षांश स्वतःच्या मोजमापाशी ताडून पाहतं, आणि मेळ बसला नाही तर इशारा देतं. रेखांश मात्र त्याला सांगता येत नाही, कारण एकाच अक्षांशावर कुठेही उभे राहा, पृथ्वीचं फिरणं सगळीकडे सारखंच जाणवतं. विषुववृत्ताजवळ हे काम पाचेक मिनिटांत होतं, वरच्या अक्षांशांवर पंधरा-सतरा मिनिटं लागतात. ध्रुवाच्या अगदी जवळ पृथ्वीचा अक्ष जवळजवळ उभाच होतो, त्यामुळे त्यावरून उत्तर शोधणं यंत्राला जमत नाही. ही अडचणसुद्धा फिरत्या गोलाचीच आहे. पृथ्वी स्थिर असती तर हे यंत्र कुठल्याच विमानतळावर उत्तर शोधू शकलं नसतं.

शेवटी एक प्रयोग. ऑक्टोबर 1971 मध्ये जोसेफ हाफेले आणि रिचर्ड कीटिंग या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी सीझियमची चार आण्विक घड्याळं नेहमीच्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली. एकदा पूर्वेकडे जात, एकदा पश्चिमेकडे जात. परत आल्यावर वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेतल्या घड्याळांशी ती ताडून पाहिली. आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे उंचीमुळे घड्याळ किंचित पुढे जातं आणि वेगामुळे मागे पडतं. पूर्वेकडे जाताना विमानाचा वेग पृथ्वीच्या वेगात मिळवला जातो, पश्चिमेकडे जाताना वजा होतो. पृथ्वी फिरत नसती तर दोन्ही फेऱ्यांत घड्याळं पुढेच गेली असती. प्रत्यक्षात पश्चिमेकडे जात फिरून आलेली सरासरी 273 नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे 273 अब्जांश, पुढे गेली होती, आणि पूर्वेकडे जात फिरून आलेली 59 नॅनोसेकंद मागे पडली होती.

नमस्कार.