विडाल पॉझिटिव्ह आली म्हणजे टायफॉईड झालाच का?

नमस्कार मंडळी. पाऊस लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडून तुमचे रिपोर्टचे फोटो सुरू होतात. खाली एकच प्रश्न: 'विडाल १:८० आलंय, टायफॉईड आहे का?'

टायफॉईड दूषित पाण्यातून, अन्नातून होतो, जिवाणूचं नाव साल्मोनेला टायफी. हे ठाऊक आहे तुम्हाला, पुढे जाऊ.

विडाल ही १८९६ सालची टेस्ट. ती जिवाणू शोधतच नाही! त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडीज, म्हणजे जिवाणूशी लढायला शरीरानं तयार केलेली प्रथिनं, रक्तात आहेत का, एवढंच बघते. १:८० म्हणजे सीरम (रक्त गोठल्यावर उरणारं पाणी) ऐंशी पट पातळ केलं तरी त्या दिसल्या. आणि आपल्याकडे टायफॉईड वर्षानुवर्षं आहे, त्यामुळे धडधाकट माणसांतही त्या सापडतात. १:२०, १:४० तर सर्रास, काहींना १:८० सुद्धा. कधीतरी होऊन गेलेला टायफॉईड, घेतलेली लस, कारण काहीही असेल. म्हणून त्या भागातल्या निरोगी लोकांत किती येतं ते आधी बघायचं, मग कितीच्या वर जास्त म्हणायचं ते ठरवायचं.

माझ्या मावशीला ताप नाही, काही नाही, रोज शेतात जाते. एका शिबिरात तपासायला रक्त दिलं, १:८० आलं, लगेच हातात अँटिबायोटिक. कशासाठी? मला याचा खरंच राग येतो.

बरं, ताप असला तरी तेच. मलेरियातही विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते. आपण टायफॉईड धरून बसतो आणि खरा आजार राहतो बाजूला.

निपाणीच्या एका ताईंनी विचारलंय, 'कोर्स संपला, ताप गेला, तरी विडाल पॉझिटिव्हच. परत गोळ्या घेऊ?' ताई, रिपोर्टसाठी नका घेऊ. अँटिबॉडीज महिनोन्महिने राहतात. बरं झालो का हे बघायला विडाल करायचीच नसते.

उलटही होतं बघा. तापाच्या पहिल्या आठवड्यात खरा टायफॉईड असूनही विडाल निगेटिव्ह येते, कारण अँटिबॉडीज तयार व्हायला वेळ लागतो.

मग काय करायचं? डॉक्टरांना ब्लड कल्चरबद्दल विचारा, म्हणजे रक्तातला जिवाणूच लॅबमध्ये वाढवून बघायची टेस्ट. 'महाग पडतं, रिपोर्टला दिवस लागतात,' असं बरेच जण लिहितात. खरं आहे. पण जिवाणू सापडला तर कुठलं औषध लागू पडेल तेही कळतं, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आता आपल्याकडे टायफॉईडवर बऱ्याचदा चालत नाही. रक्त मात्र अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्या. औषध डॉक्टर त्याच दिवशी सुरू करू शकतात, रिपोर्ट आल्यावर बदलतील. आणि पोटात जोरात दुखलं, शौचातून रक्त गेलं किंवा माणूस बरळायला लागला, तर रिपोर्टची वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा.