पांढरी कॉलनी दिसली म्हणून लगेच नाचू नका

ही प्लेट बघा की जरा जवळनं. आपला जीन प्लास्मिडमध्ये (डीएनएचा छोटा गोल तुकडा) बसवून बॅक्टेरियात घातला आणि ते बॅक्टेरिया हिच्यावर पसरले. अँपिसिलिन हे अँटिबायोटिक आणि एक्स-गॅल (फुटलं की निळा रंग देणारं रसायन) घातलेलं अगार, म्हणजे जेलीसारखं खाद्य, रात्रभर 37 डिग्रीला होती, सकाळी काढून थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवली म्हणजे निळा रंग गडद होतो. निळ्या कॉलन्या ढीगभर, पांढऱ्या चारपाच. सांगलीत एमएस्सी करताना मी अशाच सहा पांढऱ्या उचलल्या, वाढवल्या, प्लास्मिड काढून जेलवर टाकलं (तिथं डीएनएचा आकार कळतो) आणि सहाच्या सहा रिकाम्या, माझा जीन कशातच नाही, सर म्हणाले, "पांढरं दिसलं की दूधच समजतोस व्हय रे?"

झालतं काय, तर आमचं प्लास्मिड पीयूसी19, सगळं मिळून 2686 बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) जोड्या. त्यात लॅकझेड जीनचा छोटा तुकडा असतो, उरलेला बॅक्टेरियाकडं, दोन्हीची प्रोटीनं जुळली की एन्झाइम चालू, एक्स-गॅल फुटतं, कॉलनी निळी. मधे आपला जीन घुसला की पांढरी. पण जीन बसवायला प्लास्मिड कापतो त्या कापाकापीत टोकाचा एक बेस जरी उडाला तरी पांढरीच की! पेशी बेस तीन-तीनच्या गटानं वाचते, तसं 'कमल नमन सरळ' हे तीन-तीन अक्षरांनी वाचा, आता पहिला म काढा, 'कलन मनस रळ', पुढचं सगळंच बोंबललं. उलटं पण होतं, जीन छोटा असला आणि तिनाच्या हिशोबात बसला तर कॉलनी फिकट निळी दिसते आणि आपण ती सोडून देतो.

अँपिसिलिनला पुरून उरणारा जीन मात्र वेगळा, बीटा-लॅक्टमेजचा, म्हणजे अँपिसिलिन तोडणाऱ्या एन्झाइमचा. तो बिघडला तर कॉलनी पांढरी-निळी काहीच होत नाही, ती मरते, प्लेटवर येतच नाही. आणि त्यातच काही म्युटेशन (जीनमधले बदल) अशी की जोर वाढतो, टेम ह्या बीटा-लॅक्टमेजच्या प्रकारात 238 नंबरला ग्लायसीन ह्या अमिनो आम्लाच्या जागी सेरीन आलं की ते सेफोटॅक्झिम हे दुसरं अँटिबायोटिकसुद्धा तोडायला लागतं, आणि कॉलनी दिसायला हुबेहूब पहिल्यासारखी, डोळ्यांनी कळायचं नावच नको.

आता या मोठ्या कॉलनीभोवती बारीक मोहरीएवढे ठिपके दिसतायत? ह्यांच्यात प्लास्मिडच नाही. मोठीनं एन्झाइम सोडून आजूबाजूचं अँपिसिलिन संपवलं आणि हे फुकटे मागनं घुसले, गणपती मंदिराच्या रांगेत घुसतात तसे. प्लेट जास्त वेळ ठेवली की लई येतात. उचलून ताज्या अँपिसिलिनमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी ट्यूब पाण्यासारखी स्वच्छ. आमच्या बॅचमधल्या एकीनं तीनदा तेच उचललं आणि तिन्ही वेळा शिव्या इनक्युबेटरला घातल्या.