मामींची माटोळी

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, दोन दिवसांवर आली की गोव्यात फोंड्याच्या माटोळी बाजारात पाय ठेवायला जागा नसते. आमच्या वाड्यावरून मात्र कित्येक वर्षं तिथे कुणी गेलंच नाही. आम्हाला मामी होत्या.

नात्याने त्या आमच्या कुणाच्याच मामी नव्हत्या. कुळागराच्या, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेच्या, पलीकडे त्यांचं घर. गोवा मुक्त झाला त्या वर्षी, १९६१ साली, लग्न होऊन त्या या वाड्यावर आल्या. ब्याऐंशीव्या वर्षी गेल्या, तोवरच्या सगळ्या चवथी त्यांनी इथेच केल्या. पहाटे त्यांच्या विहिरीवरचा रहाट कुरकुरला की आमचं घर जागं व्हायचं.

माटोळी म्हणजे गणपतीच्या माथ्यावर टांगलेली लाकडी चौकट. तिला नारळाची पेंड (घड), सुपारीचं शिपटं, तोरिंग, आंबाडे बांधतात. ही झाली कुळागरातली फळं. खरी माटोळी भरते ती रानातल्या जिनसांनी. कवंडळाची लालभडक फळं, कांगलांचे घोस, घागऱ्यांच्या वाजणाऱ्या शेंगा. कवंडळ खायच्या उपयोगाचं नाही, पण देवाला ते हवंच. पावसाने रानात जे जे पिकवलं, ते सगळं चौकटीवर दिसलं पाहिजे, असं मामींचं म्हणणं.

कोयती कमरेला खोचून त्या डोंगर चढायच्या, मागून आम्ही पोरं. कुठला वेल कुठल्या झाडावर चढलाय, हे त्यांना पाठ होतं. बांधायला सुतळी चालायची नाही. केवणीची साल सोलून तिचाच दोर. आणि वेलावरचं सगळं कधी काढू द्यायच्या नाहीत. "अर्दें दवर रे पुता, सवण्यांक जाय, फुडल्या वर्साकय जाय." निम्मं वेलावरच ठेवायचं. पाखरांचा आणि पुढच्या वर्षाचा वाटा आधी, मग आपला.

संध्याकाळी आरतीला घुमट-शामेळ ही वाद्यं वाजू लागली की त्या दारात उभ्या राहायच्या. आमच्याकडे बोलणं कोंकणीतून, आरत्या मात्र मराठीतून. कुणी एखादं कडवं गाळलं तर तिथूनच मोठ्याने सुरू करायच्या. फुगडीला तर अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही उतरल्या होत्या. मी पाहिलंय. समोरची सून आधी दमली.

शेवटच्या चवथीला गुडघ्यांनी साथ दिली नाही. मी एकटाच रानात गेलो. आणलेलं सगळं त्यांनी सोप्यावर पसरायला लावलं, एकेक घोस हातात घेऊन पाहिला. कांगलांचा एक बाजूला ठेवला. कोवळा होता.

"घाई केलीस," एवढंच म्हणाल्या. मला आजही ते लागतं.

यंदा त्याच वेलाखाली बराच वेळ उभा होतो. पाच घोस होते. दोन काढले.