हात वर केला की

श्रोतेहो, नमस्कार.

परवा संध्याकाळी आईला घेऊन रविवार कारंजावरून निघाले होते. गर्दी ऐन भरात. आईने पिशवी डाव्या हातात घेतली, उजवा हात वर केला आणि समोरच्या रिक्षावाल्याकडे बघत पाऊल टाकलं. त्याने वेग कमी केला, मानेनेच खूण केली, ‘या मावशी’. आपलं जुनं नाशिक अशा खाणाखुणांवर चालतं.

गाडीत चालकच नसेल, तर आईने कुणाकडे बघायचं?

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को, फिनिक्स इथे चालकाविना टॅक्सी धावतात. आपल्याकडे त्या येऊ देणार नाही, चालकांचा रोजगार जाईल, असं केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सांगितलेलं आहे. ती काळजी रास्तच आहे. तरी रस्ता कुणासाठी आखायचा, हे अशा गाड्या येण्याआधी ठरलेलं बरं.

त्यांचे गुण मी नाकारत नाही. कॅमेरे, रडार आणि लेझरने अंतर मोजणारं लायडार यांच्या जोरावर त्या चहूकडे बघतात. त्या पेंगत नाहीत, दारू पीत नाहीत, चिडून हॉर्न वाजवत अंगावर येत नाहीत. द्वारका चौकातून सायकल काढणाऱ्याला विचारा, एवढ्यानेही त्याला किती हायसं वाटेल.

पण १८ मार्च २०१८ ची रात्र आठवते. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या टेंपी शहरात एक बाई सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती. उबर कंपनीच्या, चाचणीवर असलेल्या स्वयंचलित गाडीने तिला उडवलं, त्यात ती गेली. यंत्राला ती पाच सेकंदांहून आधी दिसली होती. मात्र वाहन, अनोळखी वस्तू, सायकल, असा त्याचा अंदाज बदलत राहिला. झेब्रा पट्टे नसतील तिथूनही माणूस ओलांडेल, हे त्या यंत्रणेला कुणी शिकवलंच नव्हतं. देखरेखीसाठी आत बसवलेल्या चालकाचं लक्षही रस्त्यावर नव्हतं.

याच ॲरिझोनातून २०१५ मध्ये आपल्या नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या शर्यतीत सायकल हाकली होती. आणि इथे भद्रकालीत कॅरिअरला मेथीच्या जुड्या बांधून सायकल ढकलत नेणारा माणूस असतो. यंत्र त्याला काय समजेल?

दुसरी भीती मला जास्त वाटते. गाडी हमखास थांबते हे कळलं, की लोक बिनधास्त रस्त्यात उतरतील. गाड्या अडकल्या की ओरड होईल, आणि उपाय निघेल तो माणसांनाच अडवण्याचा: कठडे, जाळ्या, पादचारी पूल. मालकाला कामावर सोडून रिकामी घरी परतणाऱ्या गाडीचा वेळ वाचावा, म्हणून गुडघे दुखणाऱ्या आईने जिने चढायचे!

२०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं होणारच. रामकुंडाकडच्या वाटांवर सलग फूटपाथ, जमिनीवरूनच ओलांडायची जागा आणि गावठाणात वाहनांना ताशी ३० किलोमीटरची मर्यादा, हे आपण आत्ताच मागू या. गाडीत चालक असो वा नसो, माझी आई भाजी घेऊन रविवार कारंजावरूनच येणार आहे.