पेशंट नागपूरचा, की नागपुरात आलेला?

फलकावर विषय लिहिलाय, ‘महासाथीतील आरोग्यधोरणांचे मूल्यमापन आणि प्रादेशिक आकडेवारी’. हे वाचूनही मे महिन्याच्या उकाड्यात तुम्ही आलात, म्हणजे एक तर तुम्हाला विषयाची खरी आवड आहे, नाहीतर या सभागृहातला कूलर तुमच्या घरच्यापेक्षा चांगला आहे. (हशा)

सुरुवात आमच्या मामांपासून करतो. मामा नरखेडकडचे, संत्र्याची बाग आहे. एप्रिल 2021 मध्ये त्यांना ताप आला. तालुक्याला स्वॅब दिला, पण चार दिवस झाले तरी रिपोर्ट येईना, म्हणून मी त्यांना गाडीत घालून इकडे नागपुरात आणलं. इथे खासगी लॅबमध्ये पुन्हा तपासणी केली. पत्ता माझा दिला आणि मोबाईल नंबर माझ्या मुलाचा, कारण मामांचा फोन माझ्या घरी चार्जरला लागलेला होता. दोन्ही रिपोर्ट कोरोना पॉझिटिव्ह आले. मग एका सकाळी तालुक्याहून फोन: ‘घरीच आहात ना?’ दुपारी शहरातून फोन: ‘घरीच आहात ना?’ मामांनी दोघांनाही खरं तेच सांगितलं, ‘हो, घरीच आहे.’ आमच्या दाराला स्टिकर लागला, आणि तिकडे बागेतल्या बंद घरालाही. मामा मला म्हणाले, ‘काहून बे, मले तं एकच डाव झाला ना?’

नंतर मी एका कार्यालयात गेलो. नाव घेत नाही, माणसं भली होती. रुग्ण कुठे राहतो, त्यानुसार आकडे मागितले. त्यांनी मला स्कॅन केलेली तिरकी पानं दिली, आणि पत्त्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द, नागपूर. अहो, आपल्याकडे झिरो माईलचा दगड आहे! साऱ्या देशाची अंतरं आपल्यापासून मोजतात असं समजून आपण छाती फुगवतो, आणि पेशंट कुठला ते आपल्याला लिहिता येत नाही.

आता जरा मागे जाऊ. मामांच्या नातवाच्या जात पडताळणीसाठी कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची नक्कल काढावी लागली होती. विदर्भातल्या निम्म्या घरांनी तो खटाटोप केलेला आहे, मान डोलावताय म्हणजे तुम्हीही केलाय. त्या बुकात मृत्यूच्या कारणापुढे ‘ताप’ लिहिलेलं असतं. मलेरिया झाला तरी ताप, 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ आली तरी तापच. त्या साथीनं देशात ज्यांना सर्वांत जबर फटके दिले, त्यांत आपला मध्य प्रांत आणि वऱ्हाड होता, आणि नोंद ‘ताप’! पण कोतवालाला गाव आणि तारीख बरोबर ठाऊक असायची, कारण तो त्या घराला ओळखत होता. आज उलटं झालंय. विषाणूचं अक्षर न् अक्षर वाचता येतं, माणूस मात्र कुठल्या वस्तीतला ते समजत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पण ते सिद्ध करायला... चिठ्ठी आली. पाच मिनिटं.

बरं, झटपट सांगतो. अमरावतीत 22 फेब्रुवारी 2021 पासून लॉकडाऊन. नागपूर शहरात 15 ते 21 मार्च. 14 एप्रिलच्या रात्रीपासून राज्यभर कडक निर्बंध. म्हणजे शेजारशेजारच्या जिल्ह्यांत वेगवेगळे नियम होते असे मोजके आठवडे आपल्याला मिळाले. मूल्यमापन करायचं ते त्यातच, त्यानंतर बराच काळ सगळीकडे जवळपास एकच नियम, तुलना कोणाशी करणार? पद्धत सोपी आहे. नागपुरात आधी आणि नंतर किती फरक पडला, वर्ध्यात किती पडला, आणि या दोन फरकांतला फरक किती; तोच साधारण लॉकडाऊनचा परिणाम.

त्यासाठी लागतं काय? राहण्याचं ठिकाण. लक्षणं सुरू झाल्याची तारीख, रिपोर्टची नव्हे. आणि त्या भागात तपासण्या किती झाल्या तो आकडा, कारण तपासण्या वाढल्या की रुग्ण वाढलेले दिसतातच. लागण होऊन लक्षणं दिसायला पाच-सहा दिवस, त्यावर तपासणी आणि रिपोर्ट. 15 मार्चच्या लॉकडाऊनचा परिणाम महिनाअखेरीस दिसायचा, आणि आपण 21 तारखेलाच ‘फसला, फसला’ म्हणून मोकळे झालो.

मृत्यूंचं आणखी कठीण. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, सिवनी, बालाघाटचे पेशंट आपल्याच दवाखान्यांत. आपल्या रोजच्या पत्रकात ‘जिल्ह्याबाहेरील’ हा वेगळा रकाना होता, ते काम चांगलंच झालं, श्रेय द्यायला हवं. पण जिल्ह्याच्या आत काय? शहराला चिकटलेल्या बेसा-बेलतरोडीचा माणूस स्वतःला नागपूरकर म्हणतो, कागदावर तो तेव्हा ग्रामीण होता. आणि दर लाखामागे काढायचं तर भागायचं कशानं? 2011 च्या जनगणनेनं, कारण 2021 ची झालीच नाही. दहा वर्षांत जिथे शेतं होती तिथे फ्लॅट झाले, त्यांचा दर फुगणारच. दुकानांची शटरं खरोखर किती खाली होती, हा तर मी आणलेला कागद आहे, तो राहिलाच.

थांबतो. चहा मागच्या बाजूला आहे, प्रश्न तिथेच विचारा. आणि जाताना हजेरीची वही तेवढी दुरुस्त करा. मघाशी पाहिली, पत्त्याच्या रकान्यात निम्म्या लोकांनी ‘नागपूर’ लिहिलंय.