वर न पोहोचलेला शब्द

मित्रहो, कामगारांचे कामात लक्ष राहिलेले नाही, ही तक्रार मी भोसरीतल्या नोकरीत पहिल्या दिवसापासून ऐकत आलो. तिच्यामागोमाग पगार, ओव्हरटाइम आणि इन्सेंटिव्ह यांची चर्चा होतेच. कामगाराने सांगितलेल्या गोष्टीचे पुढे काय झाले, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो, आणि माझ्या मते कामातले मन तिथेच उडते.

हे दुखणे जुने आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत रत्नागिरी-साताऱ्याहून आलेला कामगार आणि गिरणीचा मॅनेजर यांच्यामध्ये जॉबर उभा असे. कामावर घेणे, काढणे, बदलीवाल्याला, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी येणाऱ्याला, पाळी देणे हे सारे त्याच्या हाती असे आणि त्यासाठी तो कामगाराकडून दस्तुरीही, म्हणजे लाचवजा दलालीही, घेई. साहेबाला कामगार कळे तो जॉबरच्या तोंडून आणि कामगाराला साहेबाचा हुकूम कळे तोही त्याच्याच तोंडून. मग ज्या गोष्टीत जॉबरचे नुकसान होते, ती वर पोहोचणार कशी?

कायदा करणाऱ्यांना याची जाण होती. कारखान्याचे स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटींचे नियम, इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, ते ज्या दाराने आत येतात त्या दाराजवळ लावावेत, असे १९४६च्या कायद्याने सांगितले. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींच्या वर्क्स कमिटीची तरतूद केली. मी पाहिलेल्या कमिट्यांत मात्र बराचसा वेळ कँटीनच्या चहावर जाई.

आमच्या प्रेस शॉपमधली एक गोष्ट मला आजही बोचते. रात्रपाळीच्या एका ऑपरेटरने सुपरवायझरला सांगितले, की पत्रा कापतानाचा आवाज बदलला आहे, डाय, म्हणजे पत्रा कापणारा साचा, उतरवून त्याला धार लावायला हवी. उत्तर मिळाले, ‘आधी टार्गेट पूर्ण कर.’ त्याने सलग तीन रात्री तेच सांगितले. चौथ्या दिवशी कडेला बर, म्हणजे कापताना राहणारी खरबरीत धार, आलेला सगळा लॉट ग्राहकाकडून परत आला आणि ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे इन्सेंटिव्ह कापल्याची नोटीस बोर्डावर लागली. नोटीस इंग्रजीत होती. त्याला ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. तिच्याखाली सही माझी होती, आणि सही करण्यापूर्वी मी त्याला एक शब्दही विचारला नव्हता. त्यानंतर त्याचे उत्पादन कमी झाले नाही, तो गैरहजरही राहिला नाही. फक्त मशीनचा आवाज बदलला तरी तो बोलेनासा झाला. हे नुकसान कोणत्याही रिजेक्शन रिपोर्टमध्ये दिसत नाही.

पुढे विभाग माझ्याकडे आला तेव्हा मी त्याची माफी मागितली, आणि पाळी बदलण्याच्या जागेजवळ एक फळा लावला. ज्याला जे सांगायचे ते त्याने मराठीत किंवा हिंदीत लिहावे, दुसऱ्या दिवशी त्याच पाळीच्या सुरुवातीला त्याच्यासमोर उत्तर लिहिले जाईल, आणि नकार असला तर कारणासकट असेल, एवढाच नियम होता. पहिला आठवडा फळा कोरा राहिला. दुसऱ्या आठवड्यात त्याच ऑपरेटरने लिहिले, ‘पंख्याचे तोंड फिरवा.’ पंखा त्याच दिवशी फिरवला. डायबद्दल तो पुन्हा बोलायला मात्र चार महिने लागले.